एस्तव्हेलची समाधी

मुलांनो, घरात शाळेचा ॲटलास आहे ना? काढा बरं बाहेर. युरोपचं पान उघडा. फ्रान्सच्या अगदी वरच्या टोकाला, बेल्जियमच्या सीमेला लागून लील नावाचं मोठं शहर दिसेल. तिथून बोट जरासं खाली, डावीकडे सरकवा. लांस नावाचं दुसरं शहर आलं. या दोन शहरांच्या मधे एस्तव्हेल नावाचं एक खेडं आहे. ते तुमच्या ॲटलासमध्ये सापडायचं नाही, इतकं ते छोटं आहे. जेमतेम दोनएक हजारांची वस्ती. हा सारा कोळशाच्या खाणींचा मुलूख. खाणी आता बंद पडल्यात, पण खाणीतून काढलेल्या दगडमातीचे काळे डोंगर अजून उभे आहेत. सपाट प्रदेशात ते लांबून पिरॅमिडसारखे दिसतात.

या गावाला एक दफनभूमी आहे. फ्रान्समधल्या कुठल्याही खेड्याला असते तशीच. गावातली आजोबा-आजी, खाणकामगार, दुकानदार, शेतकरी तिथे विसावलेले आहेत. दर वर्षी १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, माणसं शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात. आपल्याकडे शेवंती देवाला आणि गजऱ्याला, तिकडे ती कबरीवर!

आणि याच गावच्या दफनभूमीत एक दगड असा आहे, की त्यावरची काही अक्षरं गावातल्या कुणालाच वाचता येत नाहीत. ती अक्षरं बंगाली आहेत.

तुम्हा-आम्हालाही बंगाली लिपी येत नाही. पण कुणी मोठ्याने वाचून दाखवलं, तर निम्मं आपल्याला आपोआप कळेल. 'महावीर', 'समाधी', 'स्पर्श' हे शब्द तर आपलेच. फक्त एका शब्दापाशी आपण हमखास अडखळू. तिथे 'संभ्रम' असा शब्द आहे. मराठीत संभ्रम म्हणजे गोंधळ. बंगालीत मात्र त्याचा अर्थ आदर, मान! म्हणजे पूर्ण अर्थ असा: ही महावीराची समाधी आहे, आदर दाखवा, हिला स्पर्श करू नका.

हा महावीर कोण? तर कोलकत्याचा इंद्रलाल रॉय. घरच्यांचा 'लॅडी'. मृत्यूच्या वेळी त्याचं वय होतं १९ वर्षं आणि साडेसात महिने. तुमच्या आळीत बारावी होऊन कॉलेजात गेलेला एखादा दादा असेल ना, तेवढाच.

आता तुम्ही म्हणाल, कोलकत्याचा मुलगा फ्रान्सच्या खेड्यात पोचला कसा?

मोटारसायकल विकून घेतलेली नजर

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८चा. वडील प्यारेलाल रॉय बॅरिस्टर होते. आई लोलिता रॉय मुलांना घेऊन लंडनला राहायला गेली. ही आईही काही साधीसुधी नव्हती बरं का! ब्रिटनमध्ये तेव्हा बायकांना मतदानाचा हक्क नव्हता. तो मिळावा म्हणून १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्यात साड्या नेसलेल्या भारतीय बायकांची एक तुकडी होती आणि तिच्यात लोलिताबाई होत्या. त्या दिवशीचा फोटो आजही उपलब्ध आहे. थोरला भाऊ परेशलाल बॉक्सिंगमध्ये तरबेज. पुढे भारतात बॉक्सिंगचा पाया घालणारा म्हणून त्याचं नाव झालं.

अशा घरातला इंद्रलाल लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकत होता. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. पाहता पाहता वरच्या वर्गातली मुलं गणवेश चढवून जाऊ लागली. परेशही सैन्यात गेला. इंद्रलालला मात्र खंदकात उतरायचं नव्हतं. त्याला उडायचं होतं.

विमानाचा शोध लागून तेव्हा पंधरा वर्षंसुद्धा झाली नव्हती, हे लक्षात घ्या. राइट बंधूंनी पहिलं उड्डाण केलं ते १९०३ साली. म्हणजे इंद्रलाल आणि विमान जवळजवळ बरोबरीनेच मोठे झाले.

ब्रिटनच्या हवाई दलाला तेव्हा 'रॉयल फ्लाइंग कोअर' म्हणत. (१ एप्रिल १९१८ला त्याचं 'रॉयल एअर फोर्स' झालं.) इंद्रलालने अर्ज केला. डोळ्यांची तपासणी झाली आणि नापास! नजर कमजोर असल्याचा शेरा बसला. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन रडला असता. या पठ्ठ्याने काय केलं? आपली मोटारसायकल विकली, म्हणतात. त्या पैशांतून लंडनमधल्या एका नामांकित नेत्रतज्ज्ञाची फी भरली, पुन्हा तपासणी करून घेतली आणि नजर ठीक असल्याचा निर्वाळा मिळवला. जुलै १९१७मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला.

पण अडचण फक्त डोळ्यांची नव्हती. ती कातडीच्या रंगाचीही होती. भारतीय सैनिक लाखोंनी लढत होते. दहा लाखांहून जास्त भारतीय त्या महायुद्धात परदेशी गेले आणि चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक भारतीय सैनिकांनी प्राण गमावले. पण गोऱ्या शिपायांना हुकूम देणारा अधिकारी म्हणून भारतीय माणूस साहेबांना चालत नव्हता. हरदितसिंग मलिक नावाच्या शीख तरुणाचंच बघा. तो ऑक्सफर्डला शिकलेला. ब्रिटिशांनी दाद दिली नाही, तेव्हा तो फ्रेंच रेडक्रॉसची ॲम्ब्युलन्स चालवायला लागला आणि फ्रेंच हवाई दलात जाण्याची तयारी करू लागला. हे कळल्यावर त्याच्या ऑक्सफर्डच्या गुरुजींनी थेट हवाई दलाच्या जनरलला पत्र लिहिलं. ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन, त्याला फ्रेंच घेतात आणि तुम्ही घेत नाही, असा त्या पत्राचा रोख. मग मात्र दार उघडलं. मलिक पगडीवर बसेल असं भलंमोठं शिरस्त्राण शिवून घेऊन उडायचा!

त्या महायुद्धात वैमानिक म्हणून लढलेल्या भारतीयांत चार नावं पुढे येतात. मलिक, इंद्रलाल, एरॉल सेन आणि चौथा एक मुंबईकर. त्या चौथ्याची गोष्ट थोडी थांबून सांगतो, कारण त्याच्यासाठी आपल्याला दुसऱ्या गावाला जायचंय.

लाकूड, कापड आणि दोन बंदुका

इंद्रलालला मिळालेलं विमान होतं एस. ई. ५ ए. नाव ऐकून फार भारदस्त काही डोळ्यांपुढे आणू नका. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं आणि रोगण फासलेलं कापड, पुढे इंजिन. बसायला एकच जागा आणि तीही उघडी. डोक्यावर छप्पर नाही. वेग ताशी दोनशे किलोमीटरहून थोडा जास्त. चार-पाच हजार मीटर उंचीवर बोचऱ्या थंडीत, वारा तोंडावर घेत वैमानिक बसायचा.

बंदुका दोन. एक नाकासमोर बसवलेली. ती चक्क फिरणाऱ्या पंख्यातून गोळ्या झाडायची! मग पंखा फुटत नसे का? इथेच तर गंमत आहे. इंजिन आणि बंदूक एका यंत्रणेने जोडलेली असत. पंख्याचं पातं बंदुकीच्या तोंडासमोर आलं, की तेवढ्या क्षणापुरती बंदूक थांबे. पातं सरकलं, की पुन्हा सुरू. दुसरी बंदूक वरच्या पंखावर. तिच्यातल्या गोळ्या संपल्या, की वैमानिकाने एका हाताने ती रुळावरून खाली ओढायची, गोळ्यांची जड चकती काढायची, दुसरी बसवायची आणि पुन्हा वर ढकलायची. हे करताना विमान सांभाळायचं आणि मागे कुणी शत्रू नाही ना, तेही बघायचं. सायकल चालवता चालवता स्वेटर काढून बघा, म्हणजे थोडी कल्पना येईल. (खरंच बघू नका! आई-बाबा मला बोलतील.)

आणि पॅराशूट? ब्रिटिश वैमानिकांना ते दिलंच जात नसे. विमान पेटलं, की पेटलं.

३० ऑक्टोबर १९१७ला इंद्रलाल फ्रान्समध्ये ५६ नंबरच्या तुकडीत दाखल झाला. ही ब्रिटिशांची सर्वांत नावाजलेली तुकडी. पण ६ डिसेंबरला त्याचं विमान उतरताना आदळलं आणि तो बेशुद्ध झाला. यापुढची गोष्ट त्याच्याविषयी नेहमी सांगितली जाते. म्हणे तो मेला असं समजून त्याला प्रेतं ठेवायच्या खोलीत नेऊन टाकलं. रात्री तिथल्या पहारेकऱ्याला आतून दार ठोठावल्याचा आवाज आला. पहारेकऱ्याची काय अवस्था झाली असेल! त्याने दार उघडलंच नाही. बऱ्याच वेळाने आणखी माणसं गोळा झाली, तेव्हा कुठे इंद्रलाल बाहेर आला. या गोष्टीत किती मीठमसाला आहे कोण जाणे, पण अपघात खरा होता आणि दुखापतही खरी होती. त्याला ब्रिटनला परत पाठवण्यात आलं.

तिथे आजारपणात तो चित्रं काढत बसे. विमानांचीच. एकमेकांवर झेपावणारी विमानं, गिरक्या घेणारी विमानं. त्यातली बरीच चित्रं जपली गेली आहेत. डॉक्टर म्हणत होते, आता तू उडण्याच्या लायकीचा नाहीस. तो म्हणत होता, आहे. शेवटी डॉक्टर थकले. जून १९१८मध्ये तो ४० नंबरच्या तुकडीत, ब्रुए गावाजवळच्या तळावर पुन्हा हजर झाला. तिथे त्याला जॉर्ज मॅकेलरॉय नावाचा आयरिश कॅप्टन मिळाला. हा हवाई लढाईतला पट्टीचा उस्ताद.

दोन आठवडे

६ जुलै १९१८. इंद्रलालने पहिलं जर्मन विमान पाडलं. ८ जुलैला चार तासांच्या आत तीन. १३ तारखेला दोन, १५ला दोन, १८ला एक, १९ला एक. चौदा दिवसांत दहा! यातली काही साथीदारांबरोबर मिळून पाडलेली, काही गिरक्या खात खाली जाताना दिसलेली, पण त्या वेळच्या नियमाप्रमाणे दहा त्याच्या नावावर लागली. पाच विमानं पाडणाऱ्याला 'एस' म्हणत. इंद्रलाल पहिला भारतीय 'एस' ठरला. तोवर त्याने सगळं मिळून उड्डाण केलं होतं अवघं १७० तासांच्या आसपास.

इथे जरा थांबू. दहा विमानं, दहा विमानं असं आपण म्हणतो, ते अगदी क्रिकेटच्या धावा मोजल्यासारखं. इंद्रलालने पाडलेल्या विमानांपैकी बरीचशी 'हॅनोव्हर' जातीची होती. त्यात दोन माणसं बसत. पुढे चालक, मागे बंदूकवाला. तीही कुणाची तरी एकोणीस-वीस वर्षांची मुलं. त्यांच्याही घरी तार गेली असेल. हवाई लढाईच्या गोष्टी वाचताना हे मला नेहमी टोचतं, म्हणून सांगितलं.

१९ जुलैनंतर तीनच दिवस गेले. २२ जुलैला इंद्रलाल आणि त्याचे साथीदार कारव्हँ गावावरून चालले होते, तोच जर्मन फोकर विमानांनी त्यांना गाठलं. फोकर डी ७ हे तेव्हाचं जर्मनांचं सर्वांत उत्तम विमान. आकाशात गुंतवळ झाली. तीत इंद्रलालचं विमान पेटलं आणि खाली कोसळलं.

कारव्हँपासून एस्तव्हेल चार-पाच किलोमीटर. तो सगळा भाग तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता, चार वर्षं.

नऊ दिवसांनी, ३१ जुलैला, त्याचा कॅप्टन मॅकेलरॉयही पडला.

इंद्रलालबद्दल आणखी एक गोष्ट फिरत असते. तो पडला तिथे खुद्द 'रेड बॅरन' रिश्टहोफेनने, म्हणजे जर्मनीच्या सर्वांत मोठ्या हवाई वीराने, विमानातून पुष्पचक्र टाकलं म्हणे. ऐकायला फार छान वाटतं. पण तारखा लावून बघा. रिश्टहोफेन मारला गेला २१ एप्रिल १९१८ला. इंद्रलाल गेला २२ जुलैला. मेलेला माणूस पुष्पचक्र कसा टाकेल? छापलेली प्रत्येक गोष्ट खरी नसते. आमच्या पानावरचीसुद्धा तपासून बघायची सवय ठेवा!

दोन महिन्यांनी, सप्टेंबर १९१८मध्ये, इंद्रलालला 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे पदक जाहीर झालं. भारतीय माणसाला मिळालेलं ते पहिलंच. घ्यायला तो नव्हता.

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. बंगाल्यांच्या घरातला मुलगा, मग दहन का नाही, दफन का? त्याच युद्धात जखमी होऊन इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेरच्या टेकडीवर रीतसर अग्नी दिला गेला. तिथे आता पांढरी छत्री उभी आहे. पण इंद्रलाल पडला होता शत्रूच्या मुलखात. तिथे त्याच्यासाठी चिता कोण रचणार? आणि ब्रिटिश सरकारचा १९१५पासूनचा नियम असा, की रणांगणावर पडलेल्याचं शव मायदेशी न्यायचं नाही. लॉर्डाचा मुलगा असो की हमालाचा, सगळे तिथेच राहणार. म्हणून मग 'समाधी' हा शब्द. आपल्याकडे संतांना दहन न करता समाधी देतात. घरच्यांनी तो शब्द निवडला तेव्हा त्यांच्या मनात काय असेल, ते आपण समजू शकतो.

आता अंगाराच्या गावी

पुन्हा ॲटलासकडे चला. लांसहून बोट खाली, डावीकडे आणा, साधारण सत्तर किलोमीटर. अमिएँ शहर दिसेल. त्याच्या आग्नेयेला हँगार्ड नावाचं खेडं आहे. फ्रेंच लोक 'एच'चा उच्चार करत नाहीत, शेवटचा 'डी'ही खातात. म्हणजे उरतं काय? आंगार! नाव आपल्या अंगाराच्या जवळचं आणि १९१८च्या एप्रिलमध्ये त्या गावाची दशाही तशीच झाली होती. जर्मन, फ्रेंच, ब्रिटिश असे सगळे त्या इवल्याशा गावासाठी झुंजले आणि गाव पार उद्ध्वस्त झालं.

तिथे गावच्या दफनभूमीला लागून सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा. पुण्याच्या मुलांना हे दगड कसे असतात ते सांगायला नको. खडकीला युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे, तिथे असेच दगड आहेत आणि त्यांची देखभालही तीच संस्था करते, 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन'. १९१७ साली ती स्थापन झाली. सगळ्यांना सारखाच दगड, हा तिचा दंडक. उंची पावणेतीन फुटांच्या आसपास, रुंदी सव्वा फूट. जनरलला मोठा आणि शिपायाला लहान, असं नाही. तेव्हा पुष्कळ श्रीमंत घरांनी यावर आरडाओरडा केला होता. आमच्या मुलाला आम्ही हवं तसं स्मारक बांधू, तुम्ही कोण अडवणारे? पण संस्था बधली नाही.

घरच्यांना एवढीच मुभा होती, की दगडाच्या तळाशी आपल्या मनातला मजकूर कोरून घ्यायचा. तोही जास्तीत जास्त ६६ अक्षरांचा, शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. दर अक्षराला साडेतीन पेनी आकारही ठरवला होता. (नंतर तो ऐच्छिक केला.) एका वहीच्या दोन ओळीही होत नाहीत ६६ अक्षरांत. आपल्या मुलाबद्दल तेवढ्यात काय लिहायचं? शेकडो आयांनी रात्री जागवल्या असतील.

आंगारच्या एका दगडावर नाव आहे: लेफ्टनंट श्री कृष्ण चुंडा वेलिणकर.

हाच तो चौथा, मुंबईकर. 'चुंडा' हे काय नाव झालं? बहुधा ते 'चंद्र' असावं आणि इंग्रजी कागदांवर त्याचं चुंडा झालं असावं. आडनाव ऐकलं, की गोव्यातलं फोंड्याजवळचं वेलिंग गाव आठवतं. लक्ष्मीनृसिंहाचं देऊळ आहे ना, तेच. कृष्णचंद्र वेलिणकर २३ नंबरच्या तुकडीत 'डॉल्फिन' विमान उडवायचा. हे विमान मोठं चमत्कारिक. याचा वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे असे आणि वैमानिकाचं डोकं त्या वरच्या पंखातल्या खिडकीतून बाहेर निघे. चौफेर दिसायचं झकास, पण उतरताना विमान उलटं झालं तर पहिला मार डोक्यालाच! वैमानिक सुरुवातीला त्याला बिचकत.

जून १९१८च्या अखेरीस वेलिणकर गस्तीवर गेला तो परत आलाच नाही. शत्रूच्या हद्दीत त्याचं विमान पडलं आणि काही दिवसांतच जखमांनी त्याचा मृत्यू झाला. दगडावर तारीख आहे ३० जून १९१८. म्हणजे इंद्रलालने पहिलं विमान पाडायच्या सहा दिवस आधी. महायुद्ध संपल्यावर आसपासच्या रणभूमीवरच्या विखुरलेल्या कबरी हुडकून आंगारसारख्या ठिकाणी एकत्र आणण्यात आल्या. त्या रांगांमधल्या कितीतरी दगडांवर नावच नाही. महायुद्धातला एक सैनिक, एवढंच. वेलिणकरला निदान नाव मिळालं, चुंडा तर चुंडा.

आंगारपासून थोड्याच अंतरावर व्हिलेर-ब्रेतोनो नावाचं गाव आहे. त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल १९१८मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांनी ते गाव जर्मनांकडून परत घेतलं. लढाईत गावची शाळा पार उद्ध्वस्त झाली. युद्धानंतर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या शाळकरी मुलांनी पेनी-पेनी गोळा केली आणि त्या पैशांतून ती शाळा पुन्हा बांधली गेली. १९२७ साली ती सुरू झाली. आजही शाळेच्या पटांगणात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, की ऑस्ट्रेलियाला विसरू नका. तिथली फ्रेंच पोरं त्या अक्षरांखाली रोज खेळतात. त्याच मुलखात, आंगारच्या दगडांमध्ये, एक मुंबईचा मुलगा आहे हे मुंबईच्या शाळांत मात्र कुणाला ठाऊक नाही.

चौघांपैकी उरलेल्या दोघांचं काय झालं? एरॉल सेन सप्टेंबर १९१७मध्ये शत्रूच्या हाती सापडला आणि युद्ध संपेपर्यंत जर्मनीत कैदेत राहिला. मलिकच्या विमानाला ऑक्टोबर १९१७मध्ये शेकडो गोळ्या लागल्या. त्याच्या पायात शिरलेल्या गोळ्यांचा शिसा जन्मभर पायातच राहिला. पुढे स्वतंत्र भारताचा राजदूत म्हणून तो फ्रान्सलाच गेला. १९८५पर्यंत तो होता.

ज्या साम्राज्यासाठी ही मुलं लढली, त्याने त्यांना काय दिलं? युद्ध थांबलं ११ नोव्हेंबर १९१८ला. पाचच महिन्यांनी, १३ एप्रिल १९१९ला, जालियनवाला बागेत गोळ्या चालल्या. हवाई दलाचं दार भारतीयांना पुन्हा बंद झालं. ते उघडलं थेट १९३० साली, तेव्हा क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात पहिले भारतीय विद्यार्थी घेतले गेले. ८ ऑक्टोबर १९३२ला भारतीय हवाई दल स्थापन झालं. दर वर्षी त्या दिवशी विमानांच्या कसरती होतात, तो हाच दिवस.

'मग ते आपल्यासाठी लढले की इंग्रजांसाठी?' हा प्रश्न घरी आई-बाबांना विचारून बघा. एकाच घरात दोन उत्तरं येतील. एकोणीस वर्षांच्या इंद्रलालला कुणी विचारलं असतं, तर तो कदाचित म्हणाला असता, मला उडायचं होतं.

कोलकत्याच्या भवानीपूर भागात एका रस्त्याला इंद्रलालचं नाव आहे. १९९८ साली, त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. तुमच्यापैकी कुणाच्या काकाकडे किंवा मामाकडे जुन्या तिकिटांचा अल्बम असेल, तर जरूर चाळा.

आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी त्या बाजूला गेलंच, तर एक करा. अशा सैनिकी दफनभूमीत साधारणपणे फाटकाजवळच्या भिंतीत पितळी दाराचं छोटंसं कपाट असतं. आत दोन वह्या असतात. एकीत तिथे पुरलेल्यांची नावं आणि त्यांची जागा, दुसरीत भेट देणाऱ्यांनी चार शब्द लिहायचे. आंगारला पहिली वही उघडून शेवटच्या पानांकडे जा, डब्ल्यू अक्षरापाशी. रांग आणि नंबर बघून दगड शोधा. मग दुसऱ्या वहीत तारीख, तुमचं नाव आणि गाव लिहा. देवनागरीत.